मेकॉलेचं ‘ते’ भाषण झालंच नव्हतं

‘मी भारतभर फिरलो, एकही भिकारी की चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदला.’ २ फेब्रुवारी १८३५ रोजी, भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा ब्रिटिश अधिकारी मेकॉले ब्रिटिश संसदेत असं बोलला, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. आता व्हॉट्सॲपवरही फिरतो. तो खोटा आहे.

हे तपासायला आठवीच्या मुलांना इतिहासाचा एक तास पुरतो. त्या दिवशी मेकॉले होता कुठे, एवढंच आधी विचारायचं. तो १८३४ मध्ये भारतात आला आणि १८३८ पर्यंत इथेच होता. ही सालं फळ्यावर एकाखाली एक लिहिली, की शेवटच्या बाकावरूनही उत्तर येतं: ‘मग तो लंडनमध्ये बोलेल कसा?’

तारीख मात्र हवेतून आलेली नाही. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणविषयक टिपण उपलब्ध आहे, ते मुलांच्या हातात द्यावं. त्यात भिकारी नाहीत, चोर नाहीत. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, अशी कबुली आहे. आणि तरीही चांगल्या युरोपीय ग्रंथालयातला एक कप्पा भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचा आहे, असं ठाम विधान आहे.

बनावट उतारा नाकारला की मेकॉलेची बाजू घेतल्यासारखं काहींना वाटतं. पण त्या उताऱ्यात तो भारताचं कौतुक करतो. त्याची खरी तुच्छता अस्सल कागदातच वाचायला मिळते.