बेट्टा माशाची घरगुती पैदास

बेट्टा माशाची घरगुती पैदास : ऑस्फ्रोनेमिडी मत्स्यकुलातील बेट्टा स्प्लेंडेन्स या गोड्या पाण्यातील माशाची जोडी घरच्या टाकीत लावून पिल्ले वाढविण्याची पद्धत. मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे जुन्या सयामचा. आपल्याकडील शौकिनांच्या बोलीत ‘फायटर’. नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत त्यांची राखण करतो. त्यामुळे अंडी मिळविणे फारसे अवघड नाही. नवशिक्याचे अपयश बहुधा पुढच्या पंधरवड्यात, पिल्लांना योग्य आकाराचे पहिले अन्न न मिळाल्यामुळे ओढवते.

नाव व वर्गीकरण : बेट्टा ही प्रजाती डच वैद्य व मत्स्यविज्ञ पीटर ब्लीकर यांनी १८५० मध्ये मांडली. हे नाव मलाय-जावा भागातील ‘बेट्टाह’ या स्थानिक नावावरून घेतले, असे सामान्यतः मानतात. ‘बेट्टाह’ नावाच्या लढवय्या टोळीवरून ते आले ही शौकिनांत फिरणारी कथा मागाहूनची दिसते. थाई भाषेत माशाला ‘प्ला कात’ म्हणतात. प्ला म्हणजे मासा आणि कात म्हणजे चावणे. आज बाजारात ‘प्लाकॅट’ म्हणून विकला जातो तो आखूड परांचा प्रकार; मूळ नावात परांचा काही संबंध नाही.

जातीच्या नावाचा घोळ अधिक गुंतागुंतीचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॅनिश वैद्य थिओडोर कँटर यांच्या हाती सयामचे झुंजीचे मासे आले. सयामच्या राजाने एका परिचिताला दिलेल्या माशांतले ते होते, असे सांगितले जाते. कँटर यांनी १८४९ च्या लेखनात त्यांची नोंद मॅक्रोपोडस पग्नॅक्स (आताची बेट्टा पग्नॅक्स) या मलायातील जातीखाली केली. पुढे ब्रिटिश प्राणिविज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी हे मासे वेगळ्या जातीचे असल्याचे दाखवून त्यांना बेट्टा स्प्लेंडेन्स हे नाव दिले. या नावापुढे कोठे १९०९, तर कोठे १९१० साल आढळते. रेगन यांचा निबंध १९०९ च्या खंडात असला तरी तो छापून निघाला १९१० मध्ये. म्हणून १९१० हेच साल धरणे योग्य. पग्नॅक्स, म्हणजे भांडखोर, हे विशेषण मात्र मलायातील जातीकडेच राहिले. गंमत अशी की ती जात घरटे बांधतच नाही. तिचा नर अंडी तोंडात धरून उबवितो. जुन्या पुस्तकांत ‘बेट्टा पग्नॅक्स’ या मथळ्याखाली बुडबुड्यांच्या घरट्याचे वर्णन आढळले, तर ते स्प्लेंडेन्सचे समजावे. तसेच १९२७ मध्ये अमेरिकेतील फ्रँक लॉक यांनी ‘बेट्टा कंबोडिया’ म्हणून नवी जात जाहीर केली होती. फिकट अंगाचा व रंगीत परांचा तो केवळ एक रंगप्रकार ठरला. ‘कंबोडियन’ हे रंगनाम त्यातूनच टिकले.

माणसाळण्याचा काळ : पूर्वीचे लेखक हा काळ काही शतकांपुरता मानीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोम-अभ्यासात (संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात) माणसाळणे किमान १,००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचा अंदाज दिला आहे, आणि पाळीव माशांत बेट्टा इम्बेलिस इत्यादी जवळच्या जातींचे अंशही आढळले आहेत. लेखी पुरावा इतका मागे जात नाही. तरीही आनुवंशिक पुराव्याकडे कल ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. आरंभी निवड झाली ती झुंजीसाठी. लांब परांचे शोभेचे प्रकार पुष्कळ अलीकडचे. १८० अंश उघडणाऱ्या शेपटीचा हाफमून आणि काटेरी किनारीचा क्राउनटेल हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले असून, क्राउनटेल इंडोनेशियातून आला. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला.

घरट्याचे प्रयोजन : कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत घड्याघड्यांचे लॅबिरिंथ अंग असल्यामुळे मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. घोटलेली हवा लाळेसारख्या श्लेष्म्यात गुंडाळून तो बुडबुडे सोडतो. भातखाचरे आणि दलदलीच्या उथळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात घरट्यामुळे अंड्यांना प्राणवायू मिळतो, हे जुने स्पष्टीकरण. दुसऱ्या मतानुसार बुडणारी अंडी प्राणवायूयुक्त वरच्या थरात एके ठिकाणी धरून ठेवणे हेच घरट्याचे मुख्य काम होय. उथळ, स्वच्छ पाण्यात किंचित मिथिलीन ब्लू (बुरशीरोधक निळे रंगद्रव्य) घालून ठेवलेली अंडी घरट्याशिवायही फुटतात. यावरून दुसऱ्या मताला बळ मिळते. एकटा नरही घरटे बांधतो. म्हणून घरटे दिसले की जोडी तयार झाली, असे समजू नये.

जोडी : नर व मादी ५ ते ८ महिन्यांची, शक्यतो अंगाने सारखी असावीत. वर्षापुढचा नर जोडीला लावता येतो, पण त्याचा उत्साह ओसरलेला असतो. दुकानातल्या नरांचे वय कळत नाही आणि मोठ्या परांचे मासे बहुधा वयस्क असतात. तेव्हा पहिल्या खेपेस प्लाकॅट नर सोयीचा. अवजड परांच्या हाफमूनला मादीला मिठी घालणे जड जाते. तयार मादीचे पोट भरलेले असते व त्याखाली अंडनलिकेचा पांढरा ठिपका दिसतो. हा ठिपका कोवळ्या नरांतही दिसत असल्याने केवळ त्यावरून मादी ओळखू नये. नर दिसताच तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले तर ती राजी आहे. आडवे पट्टे हे भीतीचे लक्षण. दोघांना वेगवेगळे ठेवून १० ते १४ दिवस दिवसातून दोन-तीनदा जिवंत अन्न द्यावे. डासांच्या अळ्या उत्तम, पण उघड्यावर साचवलेले पाणी नगरपालिकेच्या नियमांत बसत नाही. भांड्यावर नजर ठेवून अळ्या कोशात जाण्याआधीच गाळून घ्याव्यात. गटारातले ट्युबिफेक्स (गाळातील बारीक लाल कृमी) रोग आणते. ते टाळलेले बरे.

टाकी व पाणी : २० लिटरच्या आसपासची टाकी, तळ मोकळा, पाण्याची उंची १० ते १५ सेंमी. पाणी खोल असेल तर खाली पडलेली अंडी व पिल्ले वर नेताना नर थकतो. तळाशी खडी असेल तर ती त्याला सापडतच नाहीत. तापमान २७° ते २९° से. व पीएच ६.५ ते ७.५ असावा. मुंबई-कोकणात उन्हाळ्यात व पावसाळ्यात हीटर लागत नाही. पुणे-नाशिककडच्या थंडीत लागतोच. नळाच्या पाण्यातले क्लोरीन अँटी-क्लोरीनने घालवावे. दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी बहुधा जड असते. मोठे मासे ते सोसतात, पण पैदाशीसाठी त्यात आरओचे किंवा स्वच्छ पावसाचे पाणी मिसळणे बरे.

पाण्यात देशी बदामाचे (टर्मिनॅलिया कटापा) एक वाळलेले पान टाकतात. कोकणात व मुंबईच्या रस्त्यांवर ही झाडे भरपूर असल्याने विकतचे पान घ्यायची गरज नाही. आपोआप गळालेले, पुरते तपकिरी झालेले आणि कीटकनाशकाचा संपर्क नसलेले पान धुऊन वापरावे. पानातील टॅनिनांमुळे पाणी चहाच्या रंगाचे होते, पीएच थोडा उतरतो आणि बुरशीला काहीसा आळा बसतो. पान कुजू लागल्यावर त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, तेही पिल्लांच्या उपयोगी पडतात. घरट्याला आधार म्हणून थर्मोकोलचा पेला उभा चिरून त्याचा अर्धा भाग कोपऱ्यात तरंगता चिकटवितात. मादीला लपण्यासाठी जावा मॉस किंवा हायड्रिलाचा दाट झुबका हवा. टाकीवर काच किंवा प्लॅस्टिकचा कागद लावून वरची हवा उबदार व दमट ठेवावी. फिल्टर या वेळी बंद; त्याच्या प्रवाहाने घरटे फुटते.

मीलन : नर आधी सोडावा. मादी पारदर्शक नळीत ठेवून ती नळी टाकीत उभी करावी. यासाठी कंदिलाची काच फार पूर्वीपासून वापरात असून अजून तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही. साधारण २४ तासांत घरटे झाले व मादीवर उभे पट्टे दिसले की काच हळूच उचलावी. पाठलाग, चावे आणि फाटलेले पर हे ठरलेलेच. मादीचे खवले निघाले किंवा ती निपचित पडली तर तिला बाहेर काढावे. दोन-तीन दिवस काहीच घडले नाही, तर जोडी वेगळी करून आठवड्याने पुन्हा लावावी.

नर मादीला घरट्याखाली वेढा घालतो. पहिल्या काही मिठ्या रिकाम्या जातात. पुढे दर मिठीला थोडी थोडी अंडी सुटतात, मादी काही क्षण सुन्न तरंगते व नर पडणारी पांढरी अंडी तोंडात टिपून घरट्यात थुंकतो. मादी मेली असे वाटून याच वेळी तिला उपसून काढणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. हा क्रम काही तास चालतो; अंडी साधारण १०० ते ५००. नर मादीला घरट्यापासून हाकलू लागला व ती कोपऱ्यात लपली की काम संपले. तेव्हा मादी दूरच्या बाजूने काढून वेगळ्या पाण्यात विसावू द्यावी.

नराची राखण : २८° से. तापमानाला अंडी दीड दिवसात फुटतात. पिल्ले शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात, गळून पडतात आणि नर ती उचलून परत लावतो. रात्री मंद दिवा ठेवल्यास त्याला ती दिसतात. नर अंडी खातो याची कारणे अनेक : पहिलीच खेप, टाकीपाशी सततची वर्दळ, फलन न झालेली किंवा बुरशी धरलेली अंडी. शेवटच्या प्रकारात तो सफाईच करीत असतो. या तीन-चार दिवसांत त्याला अन्न द्यावे की नाही यावर एकमत नाही; न दिल्याने निरोगी नराचे काही बिघडत नाही आणि उरलेल्या अन्नाने पाणी नासण्याचा धोकाही टळतो. पिल्ले आडवी पोहू लागली, म्हणजे अंडी फुटल्यापासून दोन-तीन दिवसांनी, नर काढावा. त्यानंतर त्याच्या लेखी ती पिल्ले व भक्ष्य यांत फरक उरत नाही.

पिल्लांचे अन्न : पोटाशी असलेली पीतक पिशवी (अंड्यातला अन्नसाठा) संपताच पिल्लांना हलते व त्यांच्या तोंडात मावेल असे अन्न लागते. उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा कोरडी पूड यांवर ती क्वचितच जगतात. न खाल्लेला बलक मात्र एका रात्रीत पाणी नासवितो. म्हणून अन्नाची लागवड जोडी लावण्यापूर्वीच सुरू करावी लागते.

इन्फ्युसोरियासाठी, म्हणजे पाण्यातील सूक्ष्मजीवांसाठी, टाकीतल्याच जुन्या पाण्यात कोबीचे पान किंवा केळीची वाळलेली साल टाकून बरणी उजेडात ठेवतात. पाणी आधी दुधाळ होऊन घाण येते. ते निवळून वास गेला की सूक्ष्मजीव तयार झाले. दुधाळ अवस्थेतले पाणी म्हणजे नुसते जिवाणू. ते टाकीत ओतू नये. मायक्रोवर्म या बारीक कृमींसाठी शिजवून गार केलेल्या ओट्सच्या घट्ट लापशीवर थोडे विरजण, म्हणजे आधीच्या डब्यातले चमचाभर कृमी, आणि चिमूटभर यीस्ट टाकून सच्छिद्र झाकण लावतात. पाच-सहा दिवसांत कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. तेथून बोटाने पुसून पाण्यात झटकावेत. एक डबा आंबट-उग्र वासाचा झाला तरी अडू नये म्हणून दोन डबे ठेवावेत. केवळ मायक्रोवर्मवर वाढलेल्या पिल्लांना श्रोणिपर (पोटाखालचे पर) येत नाहीत, असे अनेक पैदासकार सांगतात. दोष कृमींचा की तळाशी मरून साचलेल्या अन्नाचा हा प्रश्न असून दुसरी शक्यता अधिक दिसते.

पोहू लागल्यापासून चार-पाच दिवसांनी नुकत्याच फुटलेल्या आर्टेमिया (ब्राइन श्रिम्प, खाऱ्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव) सुरू कराव्यात. १ लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्यात आर्टेमियाची सुकी अंडी टाकून, बाटली उलटी टांगून, एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडावी. २७° ते २८° से. व उजेडात २४ ते ३६ तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटांनी टरफले वर तरंगतात व नारिंगी पिल्ले खाली, उजेडाकडे जमतात. ती बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुऊन द्यावीत. टरफले बेट्टाच्या पिल्लांच्या आतड्यात अडकतात, मीठ टाकीत साठत जाते. पिल्लाचे पोट नारिंगी व गोल दिसावे, टम्म नव्हे. अति खाऊ घातलेली काही पिल्ले तळाशी सरपटू लागतात व बहुधा सुधारत नाहीत.

पहिला आठवडा पाणी बदलू नये. पुढे एअर पंपाच्या बारीक नळीने तळचा गाळ काढून रोज दहावा हिस्सा, त्याच तापमानाचे पाणी थेंबथेंब घालावे. लॅबिरिंथ अंग साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात घडते. या काळात झाकण उघडे राहून गार हवा लागली किंवा पाण्यावर तेलकट साय धरली तर पिल्ले एकदम मरतात. साय कागद टेकवून उचलावी. अंगावर सोनेरी धूळ आणि मिटलेले पर दिसले तर तो व्हेल्व्हेट रोग. टाकी अंधारी ठेवून औषध लवकर द्यावे लागते. दोनशे अंड्यांतून महिनाअखेर पन्नास-साठ पिल्ले उरली तरी पहिल्या खेपेस ते यशच.

वेगळे करणे : आठ-दहा आठवड्यांत नर एकमेकांचे पर तोडू लागतात. तेव्हापासून प्रत्येकाला एक-दोन लिटरची बरणी व दर दोन-तीन दिवसांनी नवे पाणी लागते. थायलंडमध्ये यासाठी मद्याच्या चपट्या बाटल्या ओळीने मांडतात. तीस नर म्हणजे तीस बरण्या. हा हिशेब अंडी मिळण्यापूर्वी करावा. माद्या बहुधा एकत्र राहतात.

आनुवंश : रंगीबेरंगी जोडीची पिल्ले आईबापांसारखी निघतीलच असे नाही, एका रंगाच्या, शक्यतो एकाच वाणाच्या जोडीपासून अंदाज बांधता येतो. डबलटेल (दुभंगलेली शेपटी) हा लक्षणप्रकार अप्रभावी असून डबलटेलशी डबलटेल लावल्यास आखूड, वाकड्या पाठीची पिल्ले वाढतात. मार्बल (ठिपक्याठिपक्यांचे) मासे वयानुसार रंग बदलतात. ‘उडत्या’, म्हणजे जागा बदलणाऱ्या, जनुकामुळे हे होते असे मानतात. नर-माद्यांचे प्रमाण खेपेगणिक बरेच बदलते. डीएमआरटी-१ हे जनुक लिंगनिश्चितीत प्रमुख असल्याचे जीनोम-अभ्यासांत आढळले, पण पाळीव वाणांत एकट्या त्यावर सारे ठरत नाही.