युद्धात न मिळालेल्या काचा

युद्धकाळातले विज्ञान म्हटले की रडार, पेनिसिलिन आणि अणुबॉम्ब आठवतात, कारण सरकारांचा पैसा त्यांच्याकडेच वाहत होता. लढाईला ज्याचा काडीचाही उपयोग नव्हता, त्या संशोधनाचे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मुंबईकराने त्याचा शोध गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीपासून घ्यावा. पेडर रोडच्या बंगल्यात सुरू असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था 1949मध्ये या इमारतीत आली आणि त्याच वर्षी बिभा चौधुरी संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक म्हणून रुजू झाल्या.

संस्थेचे संस्थापक होमी भाभा 1939मध्ये केंब्रिजहून सुट्टीवर आले होते. युद्ध पेटल्यामुळे ते इथेच राहिले आणि बंगळूरला रामन यांच्या विभागात काम करू लागले. सैद्धांतिक गणित कागद-पेन्सिलीवर तरी पुढे नेता येते. प्रयोग करणाऱ्यांची अडचण वेगळी होती.

चौधुरी तेव्हा कोलकात्याच्या बोस संस्थेत देबेंद्रमोहन बोस यांच्यासह वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वेगवान कणांचा, अभ्यास करीत होत्या. त्यांचे मुख्य साधन म्हणजे छायाचित्रणाची काच. तिच्यावर जिलेटिनमध्ये कालवलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या बारीक कणांचा लेप असतो. विद्युतभारित कण या लेपातून गेला की वाटेतल्या ब्रोमाइडच्या काही कणांवर परिणाम होतो आणि काच धुतल्यावर तिथे चांदीचे काळे ठिपके उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे ठिपके मोजायचे, त्यांच्यातले अंतर आणि रेषेची वळणे तपासायची आणि त्यावरून कणाचे वस्तुमान काढायचे, असे हे डोळे दुखवणारे काम. दार्जिलिंग आणि त्याहून उंच संदकफू इथे या काचा महिनोन्‌महिने ठेवलेल्या असत, कारण वर हवेचा थर पातळ असल्याने जास्त किरण पोहोचतात. युद्ध चालू असतानाच या दोघांचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना इलेक्ट्रॉनच्या सुमारे 200 पट वस्तुमानाच्या कणांच्या खुणा सापडल्या होत्या.

हाताशी असलेल्या इल्फर्ड कंपनीच्या काचा ‘हाफ-टोन’ प्रकारच्या होत्या. त्यांच्यावर ठिपके विरळ उमटत आणि मोजमापात मोठी अनिश्चितता राही. अधिक संवेदनशील ‘फुल-टोन’ काचा युद्धाच्या टंचाईत भारतात मिळेनात. पद्धत बरोबर होती, डोंगर होते, चिकाटी होती. अडले ते काचेपाशी. तेवढ्यावरून संशोधन थांबावे, हे मला बंदुकीच्या गोळीपेक्षाही जास्त सलते.

चौधुरी 1945मध्ये पुढील शिक्षणासाठी मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे गेल्या. दरम्यान शांतता आली आणि त्याच इल्फर्डने सिल्व्हर ब्रोमाइडचे प्रमाण वाढवलेला नवा लेप तयार केला. तो वापरून, याच काचांच्या पद्धतीने, ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल आणि सहकाऱ्यांनी 1947मध्ये पायॉन हा अणूपेक्षाही सूक्ष्म कण शोधला. पॉवेल यांना 1950चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा बिभा चौधुरी मुंबईच्या संस्थेत नोकरीला होत्या.