नवा प्रोग्राम टाकल्यावर पिवळा दिवा चालू असेतोवर मेन पाडू नका
(आमची ठिबक-मोटर कंट्रोलर पेटी वापरणारे कास्तकार, वायरमन आणि विक्रेते यांच्यासाठी)

संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण तोडून पाणी सुरू करायची वेळ आली की आमचा फोन उजाडायच्या आधीच वाजायला लागतो, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. "भाऊ, मेमरी कार्डावरून नवा प्रोग्राम टाकला, चाललाही चांगला. आता पाहतो तं जुनाच येऊन राहिला. पेटी गेली का?"

पेटी गेलेली नसते. प्रोग्राम टाकून झाल्यावर कोणीतरी मेन पाडलेला असतो. हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे. एवढं वाचलं तर तुमची वावरातली एक फेरी वाचेल आणि आमचीही.

पेटीचं काम तुम्हाला माहीतच आहे. ती तिन्ही फेज पाहते, मोटर चालू-बंद करते, वाल्व्ह फिरवते, मोबाइलवर मेसेज टाकते. आत ईएसपी३२ ही चिप आहे आणि तिच्यावर फ्रीआरटीओएस ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम चालते. रिअल-टाइम म्हणजे फार वेगवान असं नाही. ठरलेलं काम ठरलेल्या वेळेच्या आत झालंच पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मेसेज दोन सेकंद उशिरा गेला तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण भारावर चालणाऱ्या मोटरचा एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांतून सुमारे पावणेदोन पट करंट जातो, आणि तिथे उशीर झाला तर वाइंडिंग जळतं. म्हणून पेटीतली कामं वेगवेगळ्या टास्कमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या वेगवेगळ्या भागांमध्ये, वाटलेली आहेत आणि फेज पाहणाऱ्या टास्कचा नंबर सगळ्यांत वर आहे. त्याची पाळी आली की मेसेजवाल्याला हातातलं काम सोडून बाजूला व्हावं लागतं.

"फक्त खताचा टायमर तेवढा वाढवून द्या"

असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोबाइलमध्ये एकेक ॲप वेगळं टाकता येतं, तसं इथे नाही. ऑपरेटिंग सिस्टीम आणि आमचे सगळे टास्क आमच्याकडेच एकत्र जोडून एकच फाइल तयार होते, आणि ती चिपच्या फ्लॅश मेमरीत, म्हणजे लाईन गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, बसते. चालतानाही बराचसा प्रोग्राम तिथूनच वाचला जातो, कारण चिपची रॅम अवघी ५२० केबी आहे. चालू सिस्टीममध्ये प्रोग्रामचा तुकडा वरून चढवता येतो अशाही रिअल-टाइम सिस्टीम आहेत. व्हीएक्सवर्क्समध्ये ते जमतं. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात हीच सिस्टीम होती. तिथे टास्कच्या अग्रक्रमाचा गोंधळ होऊन यान पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागलं, तेव्हा दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवली होती. विहिरीवरच्या पेटीला तेवढ्या सोयीची गरज नाही. टायमर थोडा वाढवायचा असला तरी आम्ही पूर्ण फाइलच देतो.

आणि पाणी देण्याच्या वेळा बदलायच्या असतील तर फाइल लागतच नाही. ते बटणांवरून होतं. प्रोग्राम बदलला तरी तुमच्या वेळा पुसल्या जात नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे.

कार्ड घातल्यावर आत काय होतं

फ्लॅशमध्ये प्रोग्रामसाठी दोन खोल्या आहेत. एकीत चालू असलेला प्रोग्राम असतो, नवा दुसरीत लिहिला जातो. फ्लॅशवर थेट वरून लिहिता येत नाही. आधी ४ केबीचा एकेक तुकडा पुसायचा आणि मग भरायचा. हे पुसणं-लिहिणं चालू असताना चिपला त्याच फ्लॅशमधून प्रोग्राम वाचता येत नाही, त्यामुळे फेज पाहणारा टास्कही तेवढा वेळ अडकून पडतो. म्हणून कार्ड लागलं की पेटी पहिल्यांदा मोटर बंद करते. "चालू मोटर का पाडली?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. राखणदार डोळे मिटून असताना मोटर चालवणं आम्हाला पटत नाही.

फाइल पूर्ण लिहून झाली की पेटी ती तपासते. एक अक्षर इकडचं तिकडे असलं किंवा फाइल दुसऱ्या मॉडेलची असली तर घेत नाही. पास झाली तरच पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीतून सुरू व्हायचं अशी नोंद करते आणि स्वतःच रीस्टार्ट होते.

आता गंमत पहा. फाइल लिहिली जात असताना लोक फार जपतात. डीपीकडे पाहत उभे राहतात, लाईन जाऊ नये म्हणून देवाचं नाव घेतात. खरं म्हणजे तेव्हा लाईन गेली तरी फारसं बिघडत नाही. जुना प्रोग्राम आपल्या खोलीत शाबूत असतो, लाईन आली की तोच सुरू होतो, आणि तुम्ही पुन्हा कार्ड घालायचं. घोळ होतो तो त्यानंतर.

रीस्टार्ट झाल्यावर नवा प्रोग्राम चालायला लागतो, स्क्रीनवर नवा व्हर्जन नंबर दिसतो आणि पिवळा दिवा लुकलुकतो. वायरमनला वाटतं काम झालं. तो कार्ड काढायला, नाहीतर दार लावायला, नाहीतर नुसतं "एकदा पाडून पाहू" म्हणून मेन पाडतो. मेन परत उठवला की जुना प्रोग्राम हजर!

कारण पिवळा दिवा म्हणजे चाचणी. ही चाचणी १५ मिनिटांची असते. तेवढ्या वेळात प्रत्येक टास्कने हजेरी लावली पाहिजे, तिन्ही फेज नीट वाचले गेले पाहिजेत आणि मोटर एकदा चालू होऊन एकदा बंद झाली पाहिजे. तेव्हा कुठे पेटी नवा प्रोग्राम पक्का करते आणि दिवा हिरवा होतो. त्याआधी पेटी कोणत्याही कारणाने बंद पडली तर नवा प्रोग्राम नापास, आणि पुढच्या वेळी जुना सुरू. बाजारातून बैल घेताना आपण जुवाखाली चालवून पाहतो आणि मगच पैसे मोजतो, हे तसंच आहे.

"मग लाईन गेली म्हणून नापास का करता?"

वाजवी प्रश्न आहे. साधी लाईन गेली, का प्रोग्राम अडकला म्हणून वॉचडॉगने (अडकलेली चिप आपोआप रीसेट करणाऱ्या पहारेकऱ्याने) रीसेट केलं, एवढं चिपला ओळखता येतं. तरी आम्ही दोन्ही सारखंच धरतो, आणि मुद्दाम धरतो. पेटी अडली की माणूस सगळ्यांत आधी काय करतो? मेन पाडतो, उठवतो. म्हणजे लाईन जाणं हीच कित्येकदा प्रोग्राम बिघडल्याची खूण असते. ती सोडून दिली तर बिघडलेला प्रोग्राम पक्का होऊन बसेल आणि रात्रीच्या पाळीत थ्री फेज आल्यावर संत्र्याला पाणी जाणार नाही. त्यापेक्षा जुना का होईना, पण चालणारा प्रोग्राम बरा. एकच खोली असलेली पेटी स्वस्त मिळते, नाही म्हणत नाही. पण तिच्यात अर्धवट लिहिताना लाईन गेली तर विहिरीवर लॅपटॉप आणि केबल घेऊन जावं लागतं. ते कोण जाणार हे घेतानाच विचारून घ्या.

तेव्हा एवढं पाळा. थ्री फेजची पाळी संपायला अर्धा-पाऊण तास उरला असेल तर प्रोग्राम टाकूच नका, पाळीच्या सुरुवातीला टाका. कार्ड चालू पेटीतूनच काढा, त्यासाठी मेन पाडायची गरज नाही. पंधरा मिनिटांत मोटर आपोआप चालू होणार नसेल तर हाताने बटण दाबून एकदा चालू करा आणि एकदा बंद करा, नाहीतर पिवळा दिवा पाळी संपेपर्यंत लुकलुकत राहील. पुढच्या वावरात जायची घाई असेल तर घरच्या माणसाला दिवा दाखवून जा: हिरवा झाला की मग काय करायचं ते कर.

फाइल व्हॉट्सॲपवरून दोनदा उतरवली की फोन तिच्या नावापुढे कंसात १ लावतो. असं नाव पेटीला कळत नाही, तेवढं काढून टाका. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच वापरा.

तुमच्याकडे लाईनचा लपंडाव जास्त असेल तर बॅटरीची जोडणी करून घ्या. जागा आणि पिना प्रत्येक पेटीत आधीच दिलेल्या आहेत. बॅटरी असली की लाईन गेल्यावर पेटी बंद पडत नाही, चाचणी तिथेच थांबते आणि फेज आले की पुढे चालू होते. जुन्या ग्राहकांना बसवायची मजुरी लागत नाही, फक्त बॅटरीची किंमत.

हे सगळं करूनही जुनाच प्रोग्राम आला तर फोन करायच्या आधी मेनूमधलं "शेवटची चाचणी" हे पान उघडा. कोणता टास्क हजेरीला आला नाही ते तिथे लिहिलेलं असतं. स्क्रीनचा फोटो काढून दारावर छापलेल्या नंबरवर पाठवा. पेटी काढून आणायचीच वेळ आली तर कार्डही आणा आणि त्यावरच्या फाइली पुसू नका, चाचणीची सगळी नोंद त्यातच असते.