आकडे हाती येण्याआधी

2015 साली मानसशास्त्रातले 100 छापून आलेले प्रयोग वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी 97 मध्ये परिणाम ठोस असल्याचा दावा होता. पुन्हा केल्यावर तसा परिणाम साधारण 36 टक्के प्रयोगांत दिसला, आणि परिणामाचा आकार सरासरीनं निम्म्यावर आला. त्याआधी, 2012 मध्ये, अ‍ॅमजेन या औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरच्या 53 गाजलेल्या निष्कर्षांची पडताळणी केल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्यातले 6 टिकले.

असे आकडे वाचले की मनात पहिला संशय लबाडीचा येतो. लबाडी होतेही, पण एवढी पडझड तिच्यानं होत नाही. बहुतेक वेळा माणसं प्रामाणिक असतात, उपकरणं ठीक असतात, आणि तरीही निष्कर्ष पोकळ निघतो. कारण महत्त्वाचे निर्णय आकडे पाहिल्यानंतर घेतलेले असतात.

आधी पी-मूल्य म्हणजे काय ते नीट पाहू. प्रत्यक्षात काहीच फरक नसेल, तर निव्वळ योगायोगानं आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतो. ही शक्यता 0.05 पेक्षा कमी असली की निष्कर्ष ‘लक्षणीय’ धरायचा, ही रीत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या 1925 च्या पुस्तकामुळे रुळली. पण 0.05 म्हणजे निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता 5 टक्के, असा अर्थ होत नाही. हा गैरसमज संशोधकांतही आढळतो.

हिशेब करून बघा. समजा 1000 कल्पना तपासल्या आणि त्यातल्या 100 खऱ्या आहेत. प्रयोग चांगला मोठा असेल, म्हणजे खरा परिणाम पकडण्याची त्याची ताकद 80 टक्के असेल, तर 80 खऱ्या गोष्टी सापडतील. उरलेल्या 900 खोट्या कल्पनांपैकी 5 टक्के, म्हणजे 45, योगायोगानं ‘लक्षणीय’ ठरतील. हाती आलेल्या 125 निष्कर्षांत 45 खोटे, म्हणजे 36 टक्के. आता प्रयोग लहान ठेवा, ताकद 20 टक्क्यांवर आणा. खरे सापडतील 20, खोटे तेवढेच 45. तीनातले दोन निष्कर्ष खोटे, आणि कुणी एक आकडाही बदललेला नाही.

म्हणून पहिला निर्णय नमुन्याच्या आकाराचा, म्हणजे प्रयोगात किती जण घ्यायचे याचा. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका फरक अपेक्षित असेल, तर 80 टक्के ताकदीसाठी प्रत्येक गटात 64 जण लागतात. फरक प्रमाण विचलनाच्या एक पंचमांश असेल, तर प्रत्येक गटात जवळपास 400. प्रत्येकी 20 जण घेतले, तर अर्ध्या विचलनाचा फरकही तीनदा शोधला तर एकदाच सापडतो. शिवाय लहान नमुन्यात 0.05 ची चौकट ओलांडायला फरक मोठाच दिसावा लागतो. त्यामुळे जे निष्कर्ष छापून येतात ते फुगलेले असतात, आणि पुढचा संशोधक त्या फुगलेल्या आकड्यावरून आपला नमुना ठरवतो. तोही अपुराच पडतो. नमुना ठरवताना आधीच्या निबंधातला फरक जसाच्या तसा घेऊ नये. कमीत कमी किती फरक व्यवहारात अर्थपूर्ण ठरेल, तो आकडा घ्यावा.

दुसरा निर्णय: कधी थांबायचं. दर दहा-वीस नोंदींनंतर चाचणी करायची आणि 0.05 खाली गेलं की थांबायचं, ही सवय निरुपद्रवी वाटते. पण अशा प्रकारे समान अंतरानं 5 वेळा डोकावलं, तर खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता 5 वरून 14 टक्क्यांवर जाते. 10 वेळा डोकावलं तर 19 टक्क्यांवर. मध्ये पाहायचंच असेल, आणि औषधांच्या चाचण्यांत रुग्णांच्या सुरक्षेसाठी पाहावंच लागतं, तर किती वेळा पाहणार ते आधी ठरवून मर्यादा कडक करावी लागते. मर्यादा अशी कडक करण्याच्या पोकॉक पद्धतीत 5 वेळा पाहण्यासाठी प्रत्येक वेळची मर्यादा 0.05 ऐवजी सुमारे 0.016 असते.

तिसरा निर्णय सगळ्यांत निसरडा: काय मोजायचं आणि काय वगळायचं. परिणाम कुठेच नसताना एकमेकांवर अवलंबून नसलेल्या 20 गोष्टी मोजल्या, तर त्यातली एक तरी ‘लक्षणीय’ दिसण्याची शक्यता 64 टक्के असते. 2011 मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमॉन्सन या संशोधकांनी दाखवलं, की आकडे पाहून निर्णय बदलण्याच्या साध्यासुध्या चार मोकळीकी एकत्र वापरल्या तरी खोट्या निष्कर्षांचं प्रमाण 61 टक्क्यांपर्यंत जातं. यातली कुठलीही मोकळीक घेताना संशोधकाला आपण फसवतोय असं वाटत नाही. ‘हा आकडा विचित्रच आहे, काढून टाकू’ हे त्या क्षणी रास्तच वाटतं. गफलत अशी, की आकडा मनाजोगता असता तर तो विचित्र वाटलाच नसता.

यावरचा उपाय म्हणजे पूर्वनोंदणी. पहिली नोंद घेण्याआधी आराखडा लिहून तारखेसह सार्वजनिक ठिकाणी ठेवायचा; ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर ही सोय आहे. पण तो लिहिण्यातही कस लागतो. ‘टोकाच्या नोंदी वगळू आणि योग्य ती चाचणी वापरू’ या वाक्यानं काहीच बांधलं जात नाही. ‘200 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळात आलेली उत्तरं वगळू, ज्या व्यक्तीची 20 टक्क्यांहून जास्त उत्तरं अशी वगळली जातील, तिची सगळी नोंद वगळू, मुख्य मोजमाप एकच, सरासरी प्रतिसाद वेळ’, असं लिहिलं की वाटा बंद होतात. नंतर काही वेगळं सुचलं तर ते जरूर करावं, पण निबंधात ‘हे नंतर सुचलं’ असं लिहून.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेनं निधी दिलेल्या मोठ्या चाचण्यांचा आढावा इथे बोलका आहे. 2000 सालापूर्वी प्रसिद्ध झालेल्या 30 चाचण्यांपैकी 17 मध्ये उपचाराचा लक्षणीय फायदा दिसला होता. चाचण्यांची आधी नोंदणी करण्याची पद्धत आल्यानंतरच्या 25 पैकी फक्त 2 मध्ये. हे केवळ नोंदणीमुळेच घडलं असं यावरून सिद्ध होत नाही, पण मुख्य मोजमाप नंतर गुपचूप बदलण्याची वाट तिनं अवघड केली. काही नियतकालिकं याच्याही पुढे गेली आहेत. ती आराखडाच तपासून आधी स्वीकारतात आणि निकाल काहीही आला तरी छापतात. मानसशास्त्रात नेहमीच्या निबंधांत मूळ कल्पना खरी ठरल्याचं प्रमाण 96 टक्के, तर अशा निबंधांत 44 टक्के आढळलं.

आता प्रयोगशाळेतल्या एका चुकीकडे वळू, कारण ती नोंदणी करूनही होते. तीन उंदरांना औषध दिलं, तीन उंदरांना नाही. प्रत्येकाच्या मेंदूतल्या 100 पेशी मोजल्या आणि तक्त्यात लिहिलं: 300 विरुद्ध 300. पण औषध पेशीला दिलेलं नाही, उंदराला दिलेलं आहे. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे शंभरावी पेशी फारशी नवी माहिती देत नाही. एकूण चढउतारापैकी निम्मा भाग उंदरा-उंदरांतल्या फरकाचा असेल, तर त्या 300 पेशींचं वजन जेमतेम 6 स्वतंत्र नोंदींइतकं भरतं. दर उंदरामागे आणखी पेशी मोजून हे सुधारत नाही, उंदीर वाढवावे लागतात.

पेशी वाढवायच्या 96 खळग्यांच्या प्लेटमध्येही हेच. एकाच फ्लास्कमधून भरलेले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. आपला हात किती अचूक चालतो ते तपासणारी ती तीन मोजमापं. त्यात कडेच्या 36 खळग्यांतलं पाणी जास्त उडतं, द्रावण घट्ट होतं आणि पेशी वेगळ्या वाढतात. तुलनेचा गट कडेच्या रांगेत आणि औषधाचा गट मध्ये ठेवला, तर बाष्पीभवनाचा फरक औषधाच्या नावावर जमा होतो. कडेच्या खळग्यांत नुसतं पोषकद्रव भरावं, आतल्या 60 खळग्यांत गटांची जागा चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरवावी, आणि मोजणाऱ्याला फक्त सांकेतिक क्रमांक दिसावेत. क्रमांकांची किल्ली दुसऱ्या कुणाकडे असावी. पेशी त्याच आहेत ना, हेही डीएनए चाचणीनं पाहावं: एमडीए-एमबी-435 ही पेशीमाला, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या एकाच मुळाच्या पेशी, वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि तपासणीत ती मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची ठरली.

शेवटी फाइल. एक्सेलमध्ये ‘मार्च1’ किंवा ‘सेप्ट2’ ही जनुकांची जुनी इंग्रजी नावं टाकली की त्यांच्या आपोआप तारखा होतात. 2016 च्या एका तपासणीत, एक्सेलमधून जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात ही चूक सापडली. 2020 पर्यंत अशा जनुकांची नावंच बदलावी लागली. म्हणून मूळ फाइल उघडण्याआधी तिच्यावर लिहिण्याची परवानगी काढून टाकावी, नावांचा रकाना ‘मजकूर’ म्हणून आयात करावा, आणि वगळण्यापासून आलेखापर्यंतची प्रत्येक कृती हातानं न करता स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला द्यायच्या लेखी सूचनांत, लिहावी. यादृच्छिक आकडे वापरले असतील तर ते जिथून तयार होतात तो सुरुवातीचा अंक (सीड) आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती तिथेच नोंदवावी. मग कोरा संगणक, मूळ फाइल आणि ती स्क्रिप्ट, एवढंच त्या कामात नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावं. निबंधातला तक्ता त्याच्याकडे जसाच्या तसा निघाला, तरच हस्तलिखित पाठवावं.