ते वाळवंट नाही, आणि ते पाणी समुद्राचंही नाही

पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या आणि मधोमध निळीहिरवी तळी. 'वाळवंटातला चमत्कार, समुद्राचं पाणी झिरपून तयार झालेली तळी' असं लिहिलेला हा फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. जागा खरी आहे: ब्राझीलमधलं लेन्सोइस मारान्येन्सिस राष्ट्रीय उद्यान. मजकूर मात्र साफ चुकीचा आहे.

वाळवंटात वर्षाला जेमतेम 250 मिलिमीटर पाऊस पडतो. इथे 1,200 मिलिमीटरहून जास्त, म्हणजे पुण्यापेक्षाही अधिक! साधारण जानेवारी ते जून तो कोसळतो, भूजलाची पातळी वर चढते आणि टेकड्यांमधले खोलगट भाग गोड्या पाण्याने भरतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी ओंजळभर पाणी चाखलं तर खारटपणा नाही. काही तळ्यांत मासेही असतात; त्राइरा नावाचा मासा तर पाणी आटल्यावर ओल्या चिखलात तग धरतो.

या गैरसमजाचा खरा फटका प्रवाशाला बसतो. तळी बारमाही आहेत असं धरून लोक नोव्हेंबर-डिसेंबरची तिकिटं काढतात आणि बऱ्याच ठिकाणी नुसती कोरडी वाळू बघून परततात. एवढा लांबचा, खर्चाचा प्रवास! जायचंच तर जून ते ऑगस्टमध्ये जा, बार्रेरिन्यास गावाहून.