पिकुआख नेफेश
ज्यू धर्मशास्त्रातील (हलाखातील) जीवरक्षणाचे तत्त्व. एखाद्याचा जीव धोक्यात असेल, किंवा धोक्याची केवळ शंका असेल, तरी शब्बाथसह (शनिवारचा सक्तीच्या विश्रांतीचा पवित्र दिवस) तोरामधील (मोशेच्या पाच ग्रंथांतील) जवळजवळ सर्व आज्ञा बाजूला ठेवून त्याला वाचवणे हे कर्तव्य ठरते. ती सवलत मानली जात नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज शब्बाथच्या काटेकोर पालनामुळेच ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला. असा दिवस मोडण्याची आज्ञा देणारे तत्त्व किती वजनाचे असेल, हे त्यावरून ध्यानात यावे.

हिब्रू बायबलमध्ये हे तत्त्व नियमाच्या रूपात कोठेही आलेले नाही. जीवनाकडील कल मात्र स्पष्ट दिसतो. ‘जीवन निवड’ ही मोशेची आज्ञा (अनुवाद ३०:१९), मृत माणसे परमेश्वराचे स्तवन करीत नाहीत हे स्तोत्र (११५:१७), आजारातून उठलेल्या हिज्कीया राजाची प्रार्थना (यशया ३८) हे त्याचे ठळक आधार. ‘जीवन निवड’ या वचनाचा अर्थ रब्बी (ज्यू धर्मपंडित) इश्माएल यांनी ‘हाताला एखादा व्यवसाय असू दे’ असा लावल्याचे जेरुसलेमच्या तालमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात) नोंदले आहे. जगणे म्हणजे पोट भरता येणे, इतकी ही दृष्टी व्यवहारी आहे.

नियमाचा उगम कोणत्या काळातला, याविषयी एकमत नाही. मक्काबींच्या (ग्रीक सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्या ज्यू घराण्याच्या) पहिल्या ग्रंथातील वृत्तान्त (अध्याय २) अनेक अभ्यासक आरंभबिंदू मानतात. इ. स. पू. सु. १६७ मध्ये रानात आश्रय घेतलेल्या सुमारे हजार ज्यूंनी शब्बाथच्या दिवशी प्रतिकार केला नाही आणि ते मारले गेले. त्यानंतर बंडाचा नेता मत्तथ्या व त्याच्या साथीदारांनी शब्बाथलाही लढण्याचे ठरवले. मात्र तेथे कोणत्याही शास्त्रवचनाचा आधार दिलेला नाही. प्रश्न समूहाच्या अस्तित्वाचा होता, एकट्या रुग्णाचा नव्हे. म्हणून या घटनेला तत्त्वाची पूर्वपीठिका म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. इ. स. सु. २०० च्या मिश्नामध्ये (तालमूदचा गाभा असलेल्या नियमसंग्रहात; योमा, अध्याय ८) नियम पूर्ण रूपात दिसतो: कोसळलेल्या इमारतीखाली कोणी आहे की नाही, जिवंत आहे की मृत, ज्यू आहे की परका, यांपैकी काहीही निश्चित नसले तरी शब्बाथलाही ढिगारा उपसावा.

शास्त्राधाराचा शोध बॅबिलोनियन तालमूदमधील एका प्रसिद्ध चर्चेत येतो (योमा ८५). रब्बी इश्माएल, रब्बी अकिवा व रब्बी एलाझार बेन अझार्या वाटेने जात असता हा प्रश्न निघाला. प्रसंग खरा मानल्यास तो अकिवांच्या मृत्यूपूर्वीचा (सु. १३५) असला पाहिजे. इश्माएल यांनी घरफोड्याचे उदाहरण दिले: तो पैशासाठी आला की जीव घेण्यासाठी हे ठाऊक नसतानाही घरमालकाला स्वतःच्या बचावासाठी त्याला मारता येते, रक्तपातासारखे पातकही जेथे मागे हटते, तेथे शब्बाथ हटणारच. एलाझार यांचा दाखला सुंतेचा होता: शरीराच्या २४८ अवयवांपैकी एकासाठी शब्बाथ मोडता येतो, तर सबंध देहासाठी का नाही? रब्बी शिमोन बेन मेनास्या म्हणाले, एक शब्बाथ मोडावा, म्हणजे तो माणूस पुढचे अनेक शब्बाथ पाळील. पुढे बॅबिलोनियातील श्मूएल (मृत्यू सु. २५४) यांनी ‘लेवीय’ १८:५ पुढे केले. आज्ञा पाळणारा मनुष्य ‘त्यांच्या योगे जगेल’. मरेल असे नव्हे. नंतरचे बॅबिलोनियन रब्बी राव्हा यांच्या मते आधीच्या सर्व प्रमाणांना हरकत घेता येते, श्मूएल यांच्या प्रमाणाला नाही, कारण जिवाचा धोका संशयास्पद असला तरी तेवढ्यासाठी आज्ञा मोडण्याचा आधार त्यातच मिळतो.

या वचनाचा अर्थ मात्र सर्वमान्य नाही. ओंकेलोसच्या तोराच्या अरामी भाषांतरात आणि मध्ययुगीन भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांच्या भाष्यात ‘जगेल’ म्हणजे परलोकात जगेल, असे घेतले आहे. इहलोकात मरण अटळच, असे राशी कारण देतात. दुसरे भाष्यकार नाखमानिडीझ (तेरावे शतक) यांनी ते इहलोकातील समाजजीवन व शांतता यांच्याशी जोडले. संदर्भ पाहता हा दुसरा अर्थ मूळ वचनाला अधिक जवळचा वाटतो.

‘उपदेशक’ ग्रंथात मृतांची प्रशंसा आहे (४:२), आणि ‘मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा’ असेही आहे (९:४). शब्बाथला रुग्णासाठी दिवा विझवावा का, या प्रश्नाच्या निमित्ताने तालमूद (शब्बाथ ३०) हा विरोध हाताळते. मृतांची प्रशंसा म्हणजे अब्राहामादी पूर्वजांच्या पुण्याईचे स्मरण, एरवी मृत मनुष्य आज्ञांपासून मुक्त झालेला असतो, असा तोडगा निघतो. उत्तर सुरेख आहे: दिवा हाही दीप आणि मनुष्याचा आत्मा हाही दीप, देवाच्या दीपापेक्षा माणसाने लावलेला दिवा विझलेला बरा. त्याच ग्रंथात पुढे म्हटले आहे की एका दिवसाच्या जिवंत बालकासाठी शब्बाथ मोडावा, मृत दावीद राजासाठी मोडू नये.

मूर्तिपूजा, निषिद्ध लैंगिक संबंध आणि मनुष्यहत्या या तीन गोष्टींबाबत मात्र मरण पत्करावे, असा निर्णय लोद येथील एका घराच्या माडीवर झाल्याचे सांगतात (सान्हेद्रिन ७४). तो बहुधा रोमन सम्राट हेड्रियनने केलेल्या ज्यूंच्या छळाच्या काळातला. अन्य आज्ञांसाठी कोणी प्राण दिल्यास तो स्वतःच्या मृत्यूचा दोषी, असे धर्मशास्त्रकार मायमोनिडीझ (११३८–१२०४) म्हणतात. तोसाफोतकारांना (तालमूदच्या मध्ययुगीन भाष्यकारांना) असे बलिदान अनुज्ञेय वाटते. तोराचे नियम जगात दया, कृपा व शांती आणण्यासाठी आहेत, हे मायमोनिडीझ यांचे विधान याच विषयाच्या ओघात आलेले आहे. ‘शुल्खान आरुख’ (सोळाव्या शतकातील प्रमाणभूत नियमसंहिता) तर बजावतो की तत्परतेने वागणारा स्तुत्य, आणि विचारत बसणारा रक्तपात करणारा.

अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझ्केल लांडाऊ यांनी लंडनहून आलेल्या शवविच्छेदनाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना, लाभ होणारा रुग्ण प्रत्यक्ष समोर असला पाहिजे, अशी अट घातली. अवयवरोपणाच्या वादातही योमामधील ढिगाऱ्याचाच परिच्छेद आधाराला घेतला जातो. सापडलेला माणूस जिवंत आहे का हे नाकपुड्यांपर्यंत तपासावे की हृदयापर्यंत, असा मतभेद तेथे आहे. इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने १९८६ मध्ये श्वसनाचा कायमचा लोप हा निकष धरून मेंदूमृत्यूनंतरचे हृदयरोपण मान्य केले. हृदय धडधडते तोवर मनुष्य जिवंतच, असे मानणाऱ्या अनेक रब्बींना तो निर्णय आजही मान्य नाही.