टीव्हीच्या पडद्यावरचा काळा रंग

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही बंद असताना नीट पाहा. पडदा राखाडी दिसतो. तोच टीव्ही लावला की त्यावर काळेभोर केस, काळी रात्र! टीव्ही काळा रंग दाखवतो असा आपला समज असतो, पण ट्यूबला फक्त उजेड देता येतो. चित्रातला काळा म्हणजे बंद पडद्याचाच राखाडी. शेजारच्या झगझगीत भागामुळे डोळे त्याला काळा म्हणतात. खोलीत दिवा लावा, काचेमागची फॉस्फरची, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की चमकणाऱ्या पदार्थाची, पांढुरकी पूड तो उजेड परत फेकते आणि काळा आणखी विटतो. जाहिरातींतले कॉन्ट्रास्टचे, म्हणजे उजळ भाग काळ्याच्या किती पट उजळ याचे, डोळे दिपवणारे आकडे म्हणूनच अंधाऱ्या खोलीत मोजलेले असत.

पहिला उपाय गडद काचेचा. निम्मा उजेड गिळणारी काच लावली तर चित्र निम्मे मंद होते. पण खोलीतला उजेड आत जाताना निम्मा होतो आणि बाहेर येताना पुन्हा निम्मा, म्हणजे उरतो पाव. कॉन्ट्रास्ट दुप्पट! किंमत मोजली ती मात्र चित्राच्या उजेडाने, आणि तो आधीच तुटपुंजा. कारण पडद्यामागे बारीक भोकांचा पत्रा असतो, शॅडो मास्क. तांबडा, हिरवा, निळा अशा तीन रंगांसाठीच्या इलेक्ट्रॉनच्या तीन झोतांपैकी प्रत्येकाला आपल्याच रंगाचा फॉस्फरचा ठिपका दिसावा म्हणून तो बसवलेला असतो, आणि सुमारे ८० टक्के इलेक्ट्रॉन त्यावरच आदळून वाया जातात. झोत वाढवावा तर पत्रा तापून फुगतो, भोके सरकतात, रंग बिघडतात.

मग भोकेच मोठी का करू नयेत? कारण भोकातून पडणारा झोत ठिपक्याहून लहानच ठेवावा लागे. जरा हलला तरी तो शेजारच्या रंगावर जाता कामा नये. १९६९ साली झेनिथ कंपनीने बाजारात आणलेल्या ट्यूबमध्ये हे गणितच उलटवले होते. ठिपके लहान केले, मधल्या जागेत काळे ग्रॅफाइट भरले आणि भोके मोठी करून झोत ठिपक्याहून मोठा ठेवला. झोत थोडा सरकला तरी ठिपका पूर्ण उजळतोच, आणि सांडलेले इलेक्ट्रॉन ग्रॅफाइटवर पडून गप्प बसतात. खोलीचा उजेडही ग्रॅफाइट गिळते. त्यामुळे काच कमी गडद चालते आणि उजेड दोन्हीकडून वाढतो.

यातली खरी गंमत कारखान्यात. ठिपके छापत त्याच मास्कमधून, प्रकाश टाकून. मग ठिपका भोकाहून लहान कसा होणार? एक युक्ती अशी: लहान भोकांतून ठिपके छापून घ्यायचे आणि नंतर मास्क आम्लात बुडवून भोके वाढवायची.

पुढे फॉस्फरच्या कणांनाच रंगाचा लेप आला. तांबड्याला लोहाच्या ऑक्साइडचा, निळ्याला कोबाल्ट अ‍ॅल्युमिनेटचा. कण आपला रंग सोडतो, परका गिळतो. हिरवा सहसा बिनलेपाचा. पांढऱ्या चित्रातला साधारण ५९ टक्के उजेड त्याच्याकडूनच येतो, तो कापून कसे चालेल?